कार्डात नसलेली माय

गुलशन वरखडेने चाळिशी ओलांडली त्या वर्षी त्याला खात्याने तपासणीला पाठवलं. तो देवरीकडच्या जंगलात वनरक्षक होता. या वयानंतर कर्मचाऱ्याने अधूनमधून शरीर तपासून घ्यायचं आणि खर्च सरकारने करायचा, असा नियम; त्यासाठी घरच्यांची नावं असलेलं एक कार्ड खात्याने दिलं होतं. गुलशनला आधी हसूच आलं. काही दुखत नसताना दवाखान्यात जाणं त्याच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. दुखत असतानाही फार थोड्यांनी केलं होतं. त्याचा बाप पुनाराम याच जंगलात जन्मभर रोजीने राबला. रोपं लावली, वणवे विझवले, पण रोजीच्या माणसाला कसलं कार्ड नव्हतं. छाती भरून आली तेव्हा तो अंगणातल्या खाटेवर पडून राहिला आणि तिथेच गेला.

गोंदियाच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात गुलशनचं सगळं तपासलं. छातीला तारा लावल्या, साखर पाहिली, डोळे पाहिले. तिथल्या डॉक्टर नूतन पटले मूळच्या याच भागातल्या. या पट्ट्यातला माणूस आला की त्या सिकलसेलची तपासणी स्वतःहून जोडायच्या. गुलशनच्या तपासणीत नेमका तोच दोष निघाला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आजार नाही, तुम्ही वाहक आहात. म्हणजे तो दोष तुमच्या रक्तात आहे, पण अर्धाच. तुम्हाला त्याचा त्रास व्हायचा नाही. मुलांचं मात्र पाहावं लागेल. आई आहे का?"

"आहेत," गुलशन म्हणाला. "दोन."

डॉक्टरांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"दोन माया आहेत, मॅडम. एक मोठी, एक लहान."

"जन्म दिलेली?"

"लहान."

"मग त्यांना आणा. त्यांचं नाव तुमच्या कार्डात असेलच. वय झालंय, तर बाकीच्याही तपासण्या करून टाकू."

परतीच्या बसमध्ये गुलशन खिडकीशी बसून राहिला. जन्म दिलेली कोणती, असं त्याला याआधी एकदाच कोणीतरी विचारलं होतं. तेव्हा तो आश्रमशाळेत होता. सुटीच्या दिवशी फाटकाशी मायबाप भेटायला यायचे. गुलशनकडे दोघी यायच्या. अनुसयाबाई पुढे, डोक्यावर टोपली. रुख्माबाई मागे, हातात चपला, कारण चपला घालून तिला चालताच यायचं नाही. नव्या गुरुजींनी विचारलं, "यातली तुझी आई कोणती रे?" तो म्हणाला, "दोन्ही." गुरुजींनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. दोघींनी टोपलीतली चारं, चारोळीची पिकली फळं, त्याच्या ओंजळीत ओतली आणि फाटकाबाहेरच्या सावलीत बसून, तो एकेक फळ खाईपर्यंत पाहत राहिल्या.

अनुसयाबाई पुनारामची पहिली बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल होईना. तेव्हा ती स्वतः आपल्या मामाच्या घरी गेली आणि मामेबहीण रुख्मा हिला आपल्या नवऱ्यासाठी मागून आणली. त्यांच्या गोंड वस्तीत यात कोणाला नवल वाटलं नाही. रुख्मा तिला आधीपासून बाई, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची, लग्नानंतरही बाईच म्हणत राहिली. दरेकसा स्टेशनपासून पायवाटेने आत गेलं की त्यांचा टोला, थोड्या घरांची वस्ती. घर मातीचं, पुढे मोठं अंगण. चैतात उजाडायच्या आधी दोघी त्याला मधे घेऊन मोहफुलं वेचायला जायच्या. ओल्या पानांवर फूल पडलं की टप् असा आवाज व्हायचा. गुलशन त्या आवाजामागे धावायचा, धावताना टोपली लवंडायचा. मोठी माय खवळायची, लहान माय हसत सुटायची. घरी आल्यावर मोठी माय त्याच्या डोक्याला टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल चोळायची, इतकं की कपाळावरून ओघळ यायचा. त्या तेलाचा उग्र वास त्याला अजून कधी कुठे आला की तो थांबून श्वास घ्यायचा.

एक गोष्ट मात्र त्याला कधी उमगली नव्हती. मोठी माय दुसऱ्यांच्या तान्ह्या लेकरांना हात लावायची नाही. कोणाकडे बारसं असलं की ती चुलीशी राबायची, साऱ्या गावाला जेवू घालायची, पण पाळण्याकडे फिरकायची नाही. गुलशनची मुलगी खुशी जन्मली तेव्हाही ती कितीतरी महिने दारातूनच तिला पाहायची. हा तिचा स्वभाव असेल, असं गुलशनने धरून टाकलं होतं.

देवरीच्या कार्यालयात इंद्रकुमार नावाचा लिपिक होता. भला माणूस. गुलशनने त्याला विचारलं, "मोठ्या मायचं नाव टाकता येईल का?"

इंद्रकुमारने मान हलवली. "आई म्हनजे एकच, गुलशनभाऊ. मी टाकीन दुसरं, पन ते वरून कटून येईल. अन् उगाच तुमची विचारपूस होईल. कायले पाहिजे?"

त्या आठवड्यात गुलशन गावी गेला. रुख्माबाई अंगणात धान पाखडत होती. दोन सूपं झाली की तिला धाप लागायची. त्याने दवाखान्याचं सांगितलं.

"मले काय झालं?" रुख्माबाई म्हणाली. "धाप तं बाईलेही लागते. तिले काऊन नाई नेत?"

"तिचं नाव कार्डात नाई, माय."

"तं टाक."

"टाकता येत नाई."

"मंग माझंही काढ." तिने सूप आपटलं. "तुले मोठं कोनं केलं? तुले गोवर निघाली तवा उशाशी कोन बसून होती? मी तं शेतावर होती. ते नाई तं मी नाई."

गुलशनने समजावून पाहिलं. रक्ताची गोष्ट आहे, खुशीसाठी पाहावं लागते, म्हणाला. रुख्माबाई पाखडत राहिली. शेवटी आतून अनुसयाबाई हात पुसत बाहेर आली.

"जा वं," ती म्हणाली. "पोरगा इतक्या दुरून आला. मीही येतो संगं. तू अंदर जाजो, मी बाहेर बसीन. मले बाहेर बसाची सवय आहे."

तिघं सकाळच्या गाडीने निघाले. रुख्माबाईला उपाशीपोटी जायचं होतं. अनुसयाबाईला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिनेही चहाचा घोट घेतला नाही. फडक्यात भाकरी आणि जवसाची चटणी बांधून मांडीवर घेऊन बसली. सालेकसा गेलं, आमगाव गेलं. आमगावला गाडी थांबली तेव्हा दोघींनी एकाच वेळी खिडकीतून बाहेर फलाटाकडे पाहिलं आणि मग एकमेकींकडे.

दवाखान्याच्या काउंटरवर गळ्यात पट्टा घातलेला मुलगा होता. त्याने कार्ड पाहिलं, मग दोघींकडे.

"पेशंट कौन है इनमें?"

"ही," गुलशन म्हणाला. "आणि हिचंही जमलं तर..."

"भैया, कार्ड में तो एक ही मदर है." तो उद्धट नव्हता. त्याने रांगेतल्या खुर्च्यांकडे हात केला. "माताजी को वहाँ बिठा दीजिए. पंखा भी है."

अनुसयाबाई पंख्याखाली बसली. गुलशनने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि रुख्माबाईला घेऊन आत गेला. मधल्या वेळेत, रक्त देऊन झाल्यावर, तिघांनी तिथेच पायऱ्यांवर भाकरी खाल्ली. दुपार कलल्यावर पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा एकजण बाहेर, दोघं आत.

डॉक्टर नूतन यांनी कागद बाजूला ठेवले. "आजी, रक्तदाब वाढलेला आहे. गोळी रोज घ्यावी लागेल. धाप त्यानेच लागते. आणि जे पाहायचं होतं ते निघालं. तुम्हीही वाहक आहात, मुलासारख्याच." त्यांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. "मुलं किती झाली तुम्हाला?"

"तीन," रुख्माबाई म्हणाली. "हा तिसरा."

"आणि आधीची दोन?"

रुख्माबाईने गुलशनकडे पाहिलं. त्याला माहीत होतं की आपल्या आधी दोघं होती आणि वारली. यापलीकडे घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

"एक पोरगा, एक पोरगी. पोरगा चालेबोले इतका झाल्ता. पोरगी तान्हीच होती."

"त्यांचे हातपाय सुजायचे का? बोटं, मनगटं?"

रुख्माबाई दचकली. ही बाई आपल्या घरात येऊन गेल्यासारखी विचारत होती. "तुमाले कोनं सांगतलं?"

"दुखतं म्हणून रडायचा? डोळे पिवळे व्हायचे? पोट फुगायचं?"

"डाव्या बाजूनं. असं." तिने आपल्या पोटावर हात ठेवून दाखवलं. "हिवाळ्यात जास्त. सारी रात हातपाय चोळून काढो आमी. पुजाऱ्याले दाखवलं, साऱ्या देवाले दाखवलं."

मग डॉक्टरांनी दवाखान्याची भाषा सोडली आणि घरच्या बोलीत सांगू लागल्या. "पाहा, माय. आपल्या रक्तातले दाने गोल असतात. काही लोकाइचे दाने विळ्यासारखे वाकडे होतात. वाकडे दाने अडकतात, मंग लेकरू दुखते म्हनून रडते, सुजते. हे मायकडून अर्धं येते, बापाकडून अर्धं येते. दोन्ही अर्धे एकाच लेकरात आले तं तो आजार. एकच अर्धं आलं तं काही होत नाई, जसा हा तुमचा पोरगा. तुमच्या घरवाल्याच्या रक्तातही असन ते. आता ते नाईत, लेकरं नाईत, तपासून पक्कं सांगता येत नाई. पन तुमी जे सांगून राहिल्या, ते सारं त्याचंच आहे."

रुख्माबाईने ते नीट ऐकलं. एकदा विचारलं, "रक्ताचंच?" डॉक्टर हो म्हणाल्या. तशी ती उठली.

"थांबा जरा. जाऊ नका कोठी," असं म्हणून ती दार उघडून बाहेर गेली.

गुलशनला काही कळेना. दारावरच्या बाईचा आवाज आला, एका पेशंटबरोबर एकच माणूस, असं काहीतरी. मग मायचा आवाज, सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असा: "हे माझी सवत होय. लेकरं हिचेच होते. सरका."

ती अनुसयाबाईला दंडाला धरून आत घेऊन आली. अनुसयाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"डॉक्टरीनबाई," रुख्माबाई म्हणाली, "मले जे सांगतलं ते सारं इले सांगा. पयल्यापासून."

बाहेर माणसं ताटकळली होती. तरी डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितलं. गोल दाणे, वाकडे दाणे, मायचं अर्धं, बापाचं अर्धं. अनुसयाबाई मान खाली घालून ऐकत होती. सांगून संपल्यावर तिने मान वर केली. मग म्हणाली,

"म्हनजे कोनी त्याइले पाह्यलं नसतं, तरी?"

"तरी झालं असतं."

"जवळ घेतलं नसतं, तरी?"

"तरी."

"मी त्या घरातच नसती, तरी?"

डॉक्टर थबकल्या. "आजी, असं काऊन विचारून राहिल्या?"

उत्तर रुख्माबाईने दिलं. "गाव म्हने, वांझोटीची नजर होय. इच्या पोटी नाई म्हनून हे दुसरीचे खाते. पोरगा गेला तवा मांगून बोलत होते. पोरगी गेली तवा तोंडावर बोलले. मी नाई मानलं, बाई, कधीच नाई. पन इनं मानलं. हा माझ्या पोटात होता तवा हे घर सोडून गेली, देवरीकडं, आपल्या भावाच्या घरी."

गुलशन मोठ्या मायकडे पाहत राहिला. ती भिंतीकडे तोंड करून होती.

"सोनू," ती म्हणाली. गेलेल्या भावाचं नाव गुलशन आज पहिल्यांदा ऐकत होता. "सोनू लई दुखते म्हने, अन् माझ्या मांडीवर येऊन बसे. रुख्माच्या नाई, माझ्याच. अन् मी त्याले उतरवून देत होती. माझ्यानं वाढन म्हनून. तो पुन्हा चढे, मी पुन्हा उतरवून देत होती."

डॉक्टर उठून तिच्याजवळ गेल्या. "आजी, इकडं पाहा. ते रक्तानं झालं, हे मी अंदाजानं सांगितलं. पन तुमच्या नजरेनं झालं नाई, हे अंदाजानं नाई सांगत. हे पक्कं."

अनुसयाबाईने पदराने तोंड पुसलं. "पुन्हा सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि कार्डाबिर्डाचं काही न विचारता दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. काटा रुख्माबाईपेक्षाही वर गेला. "यांच्या गोळ्या माझ्याकडून कार्डावर देता येणार नाहीत," त्या गुलशनला म्हणाल्या. "पण सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तिथे नोंदवा. आणि दर महिन्याला न्या, चुकवू नका." जाताना त्यांनी दोघींना दारापर्यंत पोचवलं. दारावरची बाई आता काही बोलली नाही.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. दोघी समोरासमोर खिडकीशी बसल्या, गुलशन रुख्माबाईच्या शेजारी. बाहेर धानाची शेतं कापून झाली होती, खाचरांमध्ये पेंढ्या उभ्या होत्या. आमगावला गाडी थांबली आणि रुख्माबाई एकदम हसली.

"काय झालं?" गुलशनने विचारलं.

"इथं उतरली होती मी तुले घेऊन. तू एवढासा." तिने हाताने माप दाखवलं. "इथून येष्टीनं देवरी, देवरीवरून पैदल इच्या भावाचं गाव. इले आनाले गेल्ती."

"हे येऊन राहिली म्हनून मले कोनी सांगतलं नोतं," अनुसयाबाई म्हणाली. "मी दुरून पाह्यलं का रुख्मा येऊन राहिली, कडेवर लेकरू. मी कोठ्यात जाऊन लपली. बैलाच्या मांगं. माझी नजर नोको पडाले म्हनून."

"भाऊ म्हने, ते घरी नाई. मले कोठ्यातून हिचे पाय दिसून राहिले!" रुख्माबाईला हसू आवरेना. "मी म्हटलं, बरं. अंगनात पोतं हातरलं, याले पोत्यावर ठेवलं अन् जोरानं बोलली, हा इथंच राहीन, याले पाहनारी इथं आहे, मी चालली. अन् निंगाली रस्त्यानं."

"खरंच गेलीस?" गुलशन म्हणाला.

"कायची जातो! बांधाच्या मांगं बसून पाहून राहिल्ती. तू असा बोंबलला का साऱ्या गावचे कुत्रे भुकाले लागले. तुझा मामा घेईना. त्याची बायको घेईना. त्याइले मी सांगून ठेवलं होतं, हात लावजो नोका."

"मी कानात बोटं घातले," अनुसयाबाई म्हणाली. तीही आता हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिला कळत नव्हतं. "बोटं घातले तरी आयकू येई. मंग एक कुत्रं पोत्याजवळ आलं. तं मी धावली."

"अन् मंग मी बांधामांगून उठली. म्हटलं, चाल आता घरी. पोरगं तुझ्याजवळ गप्प झालं, माझ्याजवळ होत नाई."

गाडी हलली. आपल्या आयुष्यात असं काही घडलं होतं, याची गुलशनला गंधवार्ता नव्हती. त्याला आठवत होत्या त्या फाटकाशी बसलेल्या दोघी, मोहाखालच्या दोघी. त्यातली एक जन्मभर आपल्याच नजरेला भीत होती, हे त्याला आज कळत होतं. भीत असूनही तिने त्याच्या डोक्याला तेल लावलं होतं.

"सोनू कसा होता, मोठीमाय?" त्याने विचारलं.

अनुसयाबाईने रुख्माबाईकडे पाहिलं. रुख्माबाई म्हणाली, "सांग ना. मी कधी बोलली नाई, तुले दुखन म्हनून."

"अन् मी नाई बोलली, तुले दुखन म्हनून."

मग ती सांगायला लागली. सोनूला रेल्वेचं वेड होतं. मालगाडीची शिट्टी टोल्यात ऐकू आली की पाय सुजलेले असले तरी खांद्यावर घेऊन चला म्हणायचा. पुनाराम त्याला रुळाशी नेऊन उभा करायचा. सोनूच्या हातात सागाचं पान. शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवी झेंडी दाखवत जायचा, तर सोनू आपलं पान हलवायचा. एक म्हातारा गार्ड होता, तो या जागेची वाट पाहायचा. गाडी वळणावर आली की आधीच दारात येऊन उभा राहायचा. सोनू गेल्यावर कितीतरी दिवस तो गार्ड तिथे आला की वाकून पाहायचा, असं पुनारामने सांगितलं होतं. तेव्हापासून पुनारामने ती वाटच सोडली.

"बापानं मले कधी नाई सांगतलं," गुलशन म्हणाला.

"आमालेही एकदाच सांगतलं, मंग कोनालेच काई नाई. त्याचंही अर्धं होतं म्हन्ते ना ते डॉक्टरीन. त्याले कायचं मालूम."

"अन् आपली सगुना, तान्ही पोरगी, झोपेतही मूठ सोडत नोती," रुख्माबाई म्हणाली. "बाईचं लुगडं पकडून झोपे."

"लुगडं कापावं लागलं होतं एकदा."

"ते तं तुनं उंदरानं कुरतडलं म्हनून सांगतलं होतं सासूले!"

दोघी पुन्हा हसल्या. शेजारच्या बाकावरची एक बाई वळून पाहू लागली. सालेकसा गेलं तरी बोलणं चालूच होतं. एक काहीतरी अर्धवट सांगायची, दुसरी ते पुढे न्यायची, मधेच नाही नाही असं नव्हतं, म्हणायची. दरेकसाला तिघं उतरले. दोघी पायवाटेला लागल्या तेव्हाही बोलतच होत्या, आणि गुलशन पिशव्या घेऊन मुद्दाम थोडा मागे चालत राहिला. त्याला वाटत होतं, टोला आज जरा दूर असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर अनुसयाबाई गावात कोणाला काही सांगायला गेली नाही. बोलणाऱ्या बऱ्याच बाया आता उरल्याही नव्हत्या. पण पुढच्या महिन्यात शेजारच्या दुधरामच्या नातवाचं बारसं होतं. गुलशनला नंतर कळलं की त्या दिवशी दोघी गेल्या होत्या, पण चुलीजवळ रुख्माबाई एकटीच होती.

कार्यालयातून मात्र उत्तर तेच राहिलं. इंद्रकुमारने वरच्या लोकांना तोंडी विचारून पाहिलं होतं. आई एकच. गुलशन दर महिन्याला मोठ्या मायला सरकारी दवाखान्यात नेऊ लागला. तिथे रांग लांब असायची आणि कधी गोळ्या संपलेल्या असायच्या. लहान मायला गोंदियात खुर्ची मिळायची, पंखा मिळायचा. दोघींना एकच गोळी होती. एकदा सरकारी दवाखान्यात गोळी नव्हती तर रुख्माबाईने आपल्या पाकिटातली निम्मी पट्टी मोडून बाईला दिली आणि कोणाला सांगितलं नाही. गुलशनने पाकीट पाहून ओळखलं. मेडिकलमधून आणखी आणून ठेवली.

खुशीची तपासणी देवरीच्या सरकारी दवाखान्यात झाली. ती बारावीला होती. शाळेत तपासणी झाली तेव्हा ती तापाने घरी होती, म्हणून राहून गेली होती. दोन्ही आज्या त्या दिवशी देवरीला आल्या होत्या, गुलशनही बरोबर होता. खुशी म्हणाली, "मोठ्या आजीचंही काढा." तिथे कार्ड विचारलं नाही. आधी बोट टोचलं, मग बाही वर करून रक्त घेतलं.

खुशी वाहक निघाली. तिथल्या समुपदेशक अंजूताईंनी तिला नीट समजावलं, वाहकांना देतात ते पिवळं कार्ड दिलं आणि पुढे लग्नाआधी मुलाचीही तपासणी करून घ्यायला सांगितलं. खुशीने मान हलवली, पण बाहेर आल्यावर चेहरा पडला होता. ती बाकावर बसली आणि कार्ड उलटं धरून राहिली, कोणाला रंग दिसू नये असं.

अनुसयाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. तिने खुशीच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि सुलटं करून तिच्या मांडीवर ठेवलं.

"लाजाचं काई नाई याच्यात," ती म्हणाली. "आमाले नाई मालूम होतं, तुले मालूम झालं. इतकंच. पोरगा आवडला तं पयले त्याचं रक्त पाय, मंग त्याचं घर पाय. तो नाई म्हनला तं त्याले माझ्याकडं आन. मी सांगतो त्याले, गोल दाने, वाकडे दाने, सारं."

"तुले येते सांगता?"

"मले दोनदा सांगतलं त्या डॉक्टरीनीनं. मीच मांगून घेतलं."

तेवढ्यात अंजूताईंनी अनुसयाबाईला हाक मारली. तिच्या रक्तात सिकलसेलचं काहीच नव्हतं. अनुसयाबाईने ते ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नाई? काहीच नाई?" ती रुख्माबाईकडे वळली. "तुले आहे, याले आहे, या पोट्टीले आहे. अन् मामाची पोरगी तू, आतेबहीन मी. मले काऊन नाई?"

"चांगलं आहे ना, आजी," अंजूताई म्हणाल्या.

"कायचं चांगलं? साऱ्या घरात मी एकटीच कोरी!"

खुशीला हसू फुटलं. ती इतकी हसली की रांगेतले लोक पाहू लागले. रुख्माबाईही हसली आणि म्हणाली, "चाल बाई, भूक लागली. गोळी जेवून घ्याची आहे दोघीलेही." आणि चौघं दवाखान्यातून निघून बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जेवायला गेले.